मागचा माणूस

पुढं चालतो त्याला वाटाड्या म्हणतात.
मागं चालतो त्याला नाव नाही,
शिट्टी आहे.

गंगावेशीत पावणेसहाला गाडी लागली.
अंधारात मी टॉर्च आधी पायांवर मारतो, तोंडांवर नंतर.
सत्तावीस जण, आम्हा दोघांना सोडून.
त्यांत तिघांचे बूट कोरे करकरीत,
म्हणजे तीन जणांना पट्ट्या लागणार.
खिशात चाचपून पाहिल्या. आहेत.

आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही.
"मग यात तुमचं काय?" एकानं विचारलंच,
दर खेपेला एक तरी विचारतो.
म्हटलं, शिरोलीला फाउंड्रीत साचे ठोकतो,
सहा दिवस नाकात काळी वाळू,
सातव्या दिवशी नाक धुवायला येतो.
हसला. पटलं नसावं.

अण्णाप्पा मगदूम आज पुढं नाहीत.
बावीस वर्षं होते.
गुडघा उघडून शिवल्यावर डॉक्टर म्हणाले, आता सपाटीवरच फिरा.
"मसाईचं पठार सपाटच की," म्हणत
यादीत शेवटी स्वतःच्या हातानं नाव घातलं,
पाहुण्यांच्या रकान्यात.

पुढं आहे यास्मिन बागवान,
दवाखान्यातली रात्रपाळी उतरून थेट आलेली,
वेणीला अजून स्पिरिटचा वास.
तिला ही वाट अण्णांनी दाखवली नाही, दिली.
कुठला कातळ कोरडा दिसतो आणि फसवतो,
कुठल्या झऱ्याचं पाणी गणपतीनंतर प्यायचं नाही,
धनगरवाड्यावरची कुत्री
कुणाचं नाव घेतलं की गप्प होतात.

मागच्याचं काम निराळं.
धाप लागलेल्याला प्रश्न विचारायचा नाही,
आपणच बडबडत राहायचं,
ऊसदर, पोरांची शाळा, काहीही,
म्हणजे उत्तरापायी त्याचा दम जात नाही.
आणि तो अगदीच थांबायला आला,
की आपण खाली वाकायचं
आणि सुटलेली नसलेली नाडी बांधत बसायचं.
तो आपल्यासाठी थांबतो मग.
त्याच्यासाठी कोणी थांबलं
असं त्याला वाटत नाही.

म्हाळुंग्याच्या वरच्या चढाला अण्णा हळू झाले.
मी ऊसदरावर बोललो. बूट बदललेत का विचारणार होतो,
जीभ आवरली. मग वाकलो.
वरून आवाज आला,
"बांध, बांध. ती गाठ मीच शिकवलीया तुला."
दोघंही बराच वेळ त्या गाठीकडं बघत राहिलो.

पठारावर धुकं असं बसलेलं,
की सोनकीची फुलं पायाखाली आल्यावरच पिवळी व्हायची.
दोन वाटा फुटतात तिथं ओल्या मातीत ठसे बघितले.
सगळे डावीकडं गेलेले.
डावी वाट कड्यावर जाते.

अण्णांचा हात गळ्याशी गेला,
जिथं बावीस वर्षं शिट्टी असायची.
मी माझी काढून पुढं केली.
"नको," म्हणाले. "थांब जरा. तिला तिचं कळू दे."
मी मनात पावलं मोजू लागलो.
साच्यात रस ओतल्यावर मोजतो तसं,
श्वास धरून.

एकोणीस.
मग धुक्यातून लांब एक शिट्टी: थांबा.
पुन्हा दोन आखूड: मागं फिरा.
अण्णांनी श्वास सोडला, तोही मी ऐकला.

मग यास्मिनचा आवाज, नंबर म्हणा.
एक. दोन. तीन.
माणसं दिसत नव्हती, नुसते आकडे येत होते,
कोणी थरथरत, कोणी थट्टेत,
एक बाई चौदा म्हणून खोकली,
पंचवीस, सव्वीस
आणि पुढं काहीच नाही.

धुक्याच्या पलीकडं सगळे वाट बघत उभे.
अण्णाही वाट बघत होते,
मान तिरकी करून, कोण राहिलं म्हणून.
ज्यानं जन्मभर मोजलं
त्यानं स्वतःला कधी धरलंच नव्हतं मोजणीत.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचा नंबर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.
मग घसा खाकरून, जरा लाजत,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं म्हणाले.
"ऐकू नाही आलं," यास्मिन ओरडली.
मग मात्र पठारभर ऐकू गेलं.

तिसरे नवे बूट कुणाचे
ते उतरताना पांढऱ्या मोज्यावर दिसलं.
काही बोललो नाही.
पट्टी दिली, आणि वाकलो
नाडी बांधायला.